इंग्लंडमध्ये नर्सरीच्या खर्चाला सरकारी मदत: व्हिसावर आलेल्या मराठी पालकांसाठी

लहान मूल घेऊन इंग्लंडला आलेल्या घरात पहिल्या काही महिन्यांतच हिशेब सुरू होतो. एक पगार घरभाड्यात जातो, दुसरा नर्सरीत, मग दोघांनी नोकरी करायची कशासाठी? सरकारची मदत आहे आणि ती चांगली भरघोस आहे. पण ती चार-पाच वेगवेगळ्या नावांनी मिळते, प्रत्येकीच्या अटी निराळ्या, आणि त्यात व्हिसावरची ‘नो पब्लिक फंड्स’ (ठरावीक सरकारी भत्ते घेता येणार नाहीत) ही ओळ. त्या ओळीच्या धास्तीने काही जण हक्काचे तासही मागत नाहीत. काही जण ग्रुपवर कुणीतरी सांगितलं म्हणून नको तिथे अर्ज करून बसतात. पहिल्यात पैसे जातात, दुसऱ्यात व्हिसा अडचणीत येऊ शकतो.

मी या सगळ्यातून गेले आहे आणि नंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांना अर्ज भरायला मदत केली आहे. खाली सांगितलेला क्रम मला सगळ्यात सोयीचा वाटला, त्याच क्रमाने जा. हे सगळं फक्त इंग्लंडचं आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि नॉर्दर्न आयर्लंडमध्ये मोफत तासांचे नियम वेगळे आहेत. टॅक्स-फ्री चाइल्डकेअर (सहावा मुद्दा) मात्र चारही ठिकाणी सारखंच.

१. आधी ई-व्हिसा उघडा

नर्सरी शोधण्याआधी, कॅल्क्युलेटर उघडण्याआधी, यूकेव्हीआयच्या (यूकेच्या व्हिसा विभागाच्या) खात्यात लॉगिन करून स्वतःचा ई-व्हिसा नीट वाचा. पूर्वी ही माहिती बीआरपी (व्हिसाच्या ओळखपत्र) कार्डाच्या मागे छापलेली असायची. ती कार्डं २०२४च्या अखेरीस संपली, आता सगळं ऑनलाइन. तिथे तुम्हाला काय करता येतं आणि काय नाही याची यादी असते. पब्लिक फंड्स घेता येणार नाहीत असं त्यात लिहिलेलं असेल, तर तुमचा रस्ता एक. नसेल, तर दुसरा.

स्किल्ड वर्कर, हेल्थ अँड केअर, स्टुडंट आणि यांचे डिपेंडंट या सगळ्यांच्या व्हिसावर सहसा ही अट असते. आयएलआर (इथे कायम राहण्याची परवानगी) मिळालेल्यांवर सहसा नसते. ब्रिटिश नागरिकांचा प्रश्नच नाही.

नवरा-बायको दोघांचे ई-व्हिसा तपासा. दोघांचं स्टेटस सारखं असेलच असं नाही. एकाला आयएलआर मिळालाय आणि दुसरा अजून व्हिसावर आहे, अशी घरं बरीच आहेत. तिथे ज्याच्यावर अट नाही त्याच्या नावाने अर्ज करायचा. एवढ्या एका गोष्टीवर पुढचं बरंच अवलंबून आहे.

मूल इथे जन्मलं किंवा ब्रिटिश झालं म्हणून आईवडिलांवरची अट उठत नाही. ही समजूत फार पसरली आहे.

२. तीन वर्षांचं मूल असेल तर हे १५ तास तुमचेच आहेत

इंग्लंडमध्ये तीन आणि चार वर्षांच्या प्रत्येक मुलाला आठवड्याला १५ तास, वर्षाचे ३८ आठवडे, मोफत मिळतात. आईवडिलांची नोकरी बघत नाहीत, पगार बघत नाहीत, व्हिसा बघत नाहीत. हे शिक्षण धरलं जातं आणि शिक्षण ‘पब्लिक फंड्स’मध्ये मोडत नाही, जशी सरकारी शाळाही मोडत नाही.

यासाठी सरकारी वेबसाइटवर अर्ज करायचा नसतो. नर्सरीला किंवा चाइल्डमाइंडरला (स्वतःच्या घरी मुलं सांभाळणाऱ्या नोंदणीकृत व्यक्तीला) सांगायचं, त्यांचा फॉर्म भरायचा, मुलाचा पासपोर्ट किंवा जन्मदाखला दाखवायचा. बस. पुढचं ते काउन्सिलकडून (स्थानिक पालिकेकडून) घेतात.

हे मुद्दाम ठळकपणे सांगते, कारण ओळखीतल्या एका आईने तीन वर्षं पूर्ण झालेल्या लेकाला कितीतरी महिने घरीच ठेवलं होतं. नवऱ्याच्या ऑफिसात कुणीतरी सांगितलं होतं की सरकारचा एक पौंड जरी घेतला तरी आयएलआर अडकतो. मुलगा दिवसभर घरात, बोलायला कुणी नाही, इंग्रजी कानावर नाही. ते पंधरा तास त्या मुलाच्या हक्काचे होते. कुणी असं सांगत असेल तर ऐकू नका.

वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवसापासून मात्र हे सुरू होत नाही. त्याचं गणित पाचव्या मुद्द्यात आहे.

३. दोन वर्षांचं मूल, कमी उत्पन्न, आणि पब्लिक फंड्स नाहीत

ही सोय फार कमी जणांना माहीत असते. ‘नो पब्लिक फंड्स’ची अट असलेल्या कुटुंबातल्या दोन वर्षांच्या मुलालाही १५ तास मिळू शकतात, जर घराचं कर वजा जाता उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असेल. एक मूल असेल तर लंडनबाहेर वर्षाला २६,५०० पौंड आणि लंडनमध्ये ३४,५०० पौंड. दोन किंवा जास्त मुलं असतील तर ३०,६०० आणि ३८,६०० पौंड. शिवाय बचत १६,००० पौंडांपेक्षा जास्त नसावी.

एकाच पगारावर चालणारं घर, विशेषतः केअर व्हिसावरचं, यात बसू शकतं. इथे अर्ज काउन्सिलकडे करायचा. पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट आणि व्हिसाचा पुरावा तयार ठेवा. काउन्सिलच्या वेबसाइटवरचा नेहमीचा ऑनलाइन फॉर्म युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्न असलेल्यांचा सरकारी भत्ता) घेणाऱ्यांसाठी असतो, त्यात तुमचं नाव बसत नाही आणि उत्तर ‘पात्र नाही’ असं येतं. तिथे थांबू नका. काउन्सिलच्या फॅमिली इन्फर्मेशन सर्व्हिसला फोन करून ‘आमच्या व्हिसावर पब्लिक फंड्सची परवानगी नाही, त्या गटातून अर्ज करायचाय’ असं स्पष्ट सांगा.

४. नोकरी करणाऱ्या पालकांचे ३० तास

सप्टेंबर २०२५ पासून बाळ नऊ महिन्यांचं झाल्यापासून ते शाळेत जाईपर्यंत, नोकरदार पालकांना आठवड्याला ३० तास मिळतात, पुन्हा वर्षाचे ३८ आठवडेच. यात तीन वर्षांनंतरचे सगळ्यांना मिळणारे १५ तास धरलेले आहेत, ते वरून वेगळे मिळत नाहीत.

अटी अशा:

- अर्ज करणाऱ्यावर पब्लिक फंड्सची बंदी नसावी. म्हणजे दोघंही स्किल्ड वर्कर व्हिसावर असाल तर हे तास सध्या तुमच्यासाठी नाहीत. पगार कितीही असो, कर कितीही भरत असा.
- जोडप्यातले दोघंही कमावते हवेत. एकट्या पालकाच्या घरात तो एकटा.
- प्रत्येकाची पुढच्या तीन महिन्यांची कमाई निदान आठवड्याला १६ तास किमान वेतनाने काम केल्याइतकी हवी. एप्रिल २०२५ च्या दराने २१ किंवा त्याहून जास्त वयाच्या व्यक्तीसाठी ती २,५३९ पौंड होते. किमान वेतन दर एप्रिलला बदलतं, त्याबरोबर हाही आकडा बदलतो.
- दोघांपैकी कुणाचंही वर्षाचं ॲडजस्टेड नेट इन्कम (काही वजावटी जाऊन उरणारं करपात्र उत्पन्न, सातवा मुद्दा बघा) १,००,००० पौंडांच्या वर जाता कामा नये.

स्वतःचा व्यवसाय नुकताच सुरू केला असेल तर पहिल्या १२ महिन्यांत किमान कमाईची अट लागत नाही. नवी नोकरी लागली असेल पण अजून रुजू झाला नसाल, तर पुढच्या ३१ दिवसांत रुजू होणार असल्यास अर्ज करता येतो.

अर्ज गव्ह डॉट यूके वर होतो. दोघांचा मिळून एकच अर्ज. बाळ २३ आठवड्यांचं झालं की तो करता येतो. मंजूर झाला की ११ आकडी कोड मिळतो आणि तो कोड नर्सरीला द्यायचा.

५. तारखा: सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात

मूल पात्र वयाचं झालं की लगेच तास मिळत नाहीत, पुढच्या टर्मपासून मिळतात. म्हणजे:

- १ जानेवारी ते ३१ मार्चमध्ये ते वय पूर्ण झालं, तर १ एप्रिलपासून.
- १ एप्रिल ते ३१ ऑगस्टमध्ये झालं, तर १ सप्टेंबरपासून.
- १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबरमध्ये झालं, तर १ जानेवारीपासून.

तीस तासांसाठी याला आणखी एक अट जोडलेली आहे. कोड आधीच्या टर्मच्या शेवटच्या तारखेपर्यंत, म्हणजे ३१ मार्च, ३१ ऑगस्ट किंवा ३१ डिसेंबरपर्यंत, हातात असायला हवा. १ सप्टेंबरला अर्ज मंजूर झाला तर तुमचे तास १ जानेवारीला सुरू होणार. एका दिवसाच्या उशिराने चार महिन्यांची पूर्ण फी खिशातून भरावी लागते. अर्जाचं उत्तर कधी लगेच येतं, कधी सात दिवस लागतात, आणि कागद मागितले तर त्याहूनही जास्त. म्हणून निदान महिना-दीड महिना हाताशी ठेवूनच अर्ज करा.

ज्यांचा आयएलआर येऊ घातलाय त्यांनी याच तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवाव्यात. निर्णय ऑगस्टच्या मध्यात आला तर त्याच दिवशी अर्जाला बसा, सुट्टीवरून आल्यावर बघू म्हणू नका.

६. टॅक्स-फ्री चाइल्डकेअर

नाव करसवलतीसारखं असलं तरी हे खरं तर एक ऑनलाइन खातं आहे. तुम्ही ८ पौंड भरलेत की सरकार २ पौंड घालतं. एका मुलामागे तीन महिन्यांत जास्तीत जास्त ५०० पौंड, म्हणजे वर्षाला २,००० पौंड. अपंग मुलासाठी याच्या दुप्पट. मूल ११ वर्षांचं झाल्यानंतरच्या १ सप्टेंबरपर्यंत हे चालतं, अपंग मुलासाठी १६ वर्षांनंतरच्या १ सप्टेंबरपर्यंत.

अटी जवळपास तीस तासांसारख्याच, व्हिसाचीही आणि एक लाखाचीही. अर्जसुद्धा त्याच फॉर्ममधून होतो. दोन्ही एकत्र घेता येतात: तास नर्सरीच्या बिलातून वजा होतात आणि उरलेलं बिल या खात्यातून भरायचं.

पैशांचा हिशेब नीट समजून घ्या. तीन महिन्यांचं उरलेलं बिल ३,००० पौंड असेल, तर वीस टक्क्यांनी ६०० पौंड मिळतील असं वाटतं. पण मर्यादा ५०० ची आहे. तुमचे २,००० भरून झाले की सरकारचे ५०० संपले, पुढचे ५०० पूर्ण तुमचे. आणि एखाद्या तिमाहीत कमी भरलंत तर उरलेली मर्यादा पुढे जात नाही. बोनस आला की आगाऊ भरून ठेवता येतं, ते भरा.

व्यवहारातल्या दोन गोष्टी. बँकेतून पैसे पाठवताना त्या मुलाचा संदर्भ क्रमांकच घाला. दोन मुलं असली तर दोन क्रमांक असतात, आणि सरकारचे पैसेही त्या-त्या मुलाच्या खात्यातच पडतात. दुसरं, खात्यातून नर्सरीपर्यंत पैसे पोचायला वेळ लागतो. फीच्या तारखेच्या आदल्या दिवशी नव्हे, चार-पाच कामाचे दिवस आधी पाठवा.

युनिव्हर्सल क्रेडिट घेत असाल तर हे घेता येत नाही. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये नर्सरीच्या खर्चाचा ८५ टक्क्यांपर्यंतचा भाग परत मिळतो, त्यामुळे कमी पगार असलेल्या आणि व्हिसाची अट नसलेल्या घराला ते जास्त फायद्याचं पडू शकतं. आधी दोन्हींची तुलना करा. कंपनीमार्फत मिळणारी जुनी चाइल्डकेअर व्हाउचरं नव्या लोकांसाठी ऑक्टोबर २०१८ मध्येच बंद झाली, एचआरला विचारण्यात वेळ घालवू नका.

एचआरला विचारायचंच तर हे विचारा: कंपनीची वर्कप्लेस नर्सरी योजना आहे का? मोठी हॉस्पिटलं, विद्यापीठं आणि काही कंपन्या नर्सरी चालवण्याच्या खर्चात आणि व्यवस्थापनात सहभागी असतात. तिथे फी पगारातून कर लागण्याआधी कापली जाते. ही करसवलत आहे, पब्लिक फंड्स नाहीत, त्यामुळे व्हिसावर असलेल्यांना हाच सगळ्यात मोठा आधार ठरू शकतो.

७. एक लाखाची भिंत

आपल्याकडच्या आयटीतल्या बऱ्याच घरांना हे लागू होतं. दोघांचे पगार ९५-९५ हजार असले तरी तुम्ही पात्र. एकाचा १,०१,००० आणि दुसऱ्याचा ३०,००० असेल तर अपात्र. एक पौंड वर गेला तरी तीस तास आणि टॅक्स-फ्री चाइल्डकेअर दोन्ही जातात.

बेसिक पगार बघून निर्धास्त होऊ नका. बोनस, कंपनीचे शेअर, बँकेचं व्याज हे सगळं त्यात येतं. भारतातल्या ठेवींवरचं व्याज आणि भारतातल्या घराचं भाडं हेही विसरू नका. एनआरई खात्याचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी इथे ते उत्पन्नच आहे.

उपाय सरळ आणि कायदेशीर आहे: पेन्शनमध्ये जास्त पैसे भरले की ॲडजस्टेड नेट इन्कम कमी होतं, गिफ्ट एडमधून (धर्मादाय देणग्यांवरच्या करसवलतीच्या योजनेतून) दिलेल्या देणगीनेही होतं. हिशेब ६ एप्रिल ते ५ एप्रिल या करवर्षाचा असतो. मार्चचा बोनस येण्याआधी, फेब्रुवारीतच पगाराच्या स्लिपा घेऊन बसा. नंतर हातात काही उरत नाही.

८. अर्जाला बसण्याआधी जवळ ठेवा

- दोघांचे नॅशनल इन्शुरन्स नंबर
- पासपोर्ट आणि चालू पगाराची स्लिप
- स्वतःचा व्यवसाय असेल तर यूटीआर (कर खात्याने दिलेला) क्रमांक
- मुलाची जन्मतारीख आणि नाव, जन्मदाखल्यावर आहे अगदी तसं
- नर्सरी किंवा चाइल्डमाइंडरचं नाव. ते ऑफस्टेडकडे (नर्सऱ्या आणि शाळा तपासणाऱ्या सरकारी संस्थेकडे) नोंदलेले आणि टॅक्स-फ्री चाइल्डकेअर घेणारे असावेत

नावांच्या बाबतीत आपल्याकडे घोळ होतो. मधलं नाव कुठे आहे, कुठे नाही. लग्नानंतरचं आडनाव पासपोर्टवर एक आणि पगाराच्या स्लिपवर दुसरं. एचएमआरसीच्या (कर खात्याच्या) नोंदीशी जुळलं नाही तर ओळख पटत नाही आणि अर्ज अडकतो. आधी एचएमआरसीकडे नाव दुरुस्त करून घ्या, मग अर्ज करा. एवढं केलंत तर फॉर्म भरायला वीसेक मिनिटं लागतात.

९. नर्सरीशी बोलताना

‘तीस तास मोफत’ म्हणजे पूर्ण आठवडा मोफत नव्हे. ३० तास गुणिले ३८ आठवडे म्हणजे वर्षाचे १,१४० तास. बऱ्याच नर्सऱ्या हे वर्षभर पसरवतात. ५१ आठवड्यांत पसरवले तर आठवड्याला साधारण २२ तास होतात. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा असं पाच दिवस मूल ठेवायचं तर ५० तास लागतात. म्हणजे २८ तासांची फी उरतेच.

त्यावर जेवण, नॅपी, सनक्रीम, सहली यांचे पैसे. नर्सरीला हे पैसे मागता येतात, पण मोफत तासांसाठी ते सक्तीचे करता येत नाहीत. बिलात मोफत तास, जादा तास, जेवण आणि इतर वस्तू यांच्या ओळी वेगवेगळ्या दिसायला हव्यात. एकच गोळा रक्कम लिहिलेली असेल तर फोड मागा. आपलं मूल घरचा डबा नेणार असेल, अंडं-मांस खाणार नसेल, तर जेवणाच्या ओळीबद्दल नक्की विचारा. संकोच करू नका, हा प्रश्न त्यांना रोजचा आहे.

नाव नोंदवण्याआधी लेखी विचारून घ्या: मोफत तास कोणत्या दिवशी, कोणत्या वेळात देता? वर्षभर पसरवता की फक्त टर्ममध्ये? डिपॉझिट कधी परत मिळतं? काही नर्सऱ्यांमध्ये मोफत तासांच्या जागा मोजक्याच असतात, तुमच्याकडे कोड आहे म्हणून जागा मिळेलच असं नाही.

१०. दर तीन महिन्यांनी

खात्यात लॉगिन करून ‘आमची परिस्थिती तीच आहे’ हे पुन्हा सांगावं लागतं. मुदतीच्या चार आठवडे आधीपासून ते करता येतं. विसरलात तर टॅक्स-फ्री चाइल्डकेअर थांबतं आणि कोडची वैधता संपते. तास काही काळ चालू राहतात, पण त्या काळात नव्या नर्सरीत सुरुवात करता येत नाही.

फसगत होते ती अशी: जूनमध्ये कोड मिळाला, तास सप्टेंबरला सुरू होणार, आणि मधेच पुन्हा कळवायची तारीख येते. अजून तर सुरूच झालं नाही म्हणून लक्ष जात नाही आणि कोड निकामी होतो. कोड हातात आला त्याच दिवशी फोनवर आठवण लावा, जोडीदाराच्याही.

११. चाइल्ड बेनिफिट आणि आजी-आजोबा

बाळ झालं की चाइल्ड बेनिफिटची (मुलांसाठीच्या सरकारी भत्त्याची) माहिती हातात पडतेच. ते पब्लिक फंड्समध्ये मोडतं. अट असलेल्यांनी अर्ज करू नये. आयएलआर मिळाल्यावर जरूर करा, आणि घरातल्या जास्त कमावणाऱ्याचं उत्पन्न ६०,००० पौंडांच्या वर असेल तर त्यातला काही भाग करातून परत जातो, ८०,००० ला पूर्ण.

आईबाबा किंवा सासू-सासरे व्हिजिटर व्हिसावर येऊन नातवंडांना सांभाळू शकतात का? भेटीला आलेल्या आजीने नातवाला सांभाळलं तर हरकत नाही, पण ती खरोखर थोड्या काळाची भेट असली पाहिजे आणि त्याला नोकरीचं स्वरूप येता कामा नये. विमानतळावर ‘मुलाला सांभाळायला आले, सून नोकरीला जाते’ एवढंच उत्तर दिलं तर अधिकारी पुढचे प्रश्न विचारणारच. त्यांना येण्याआधी परतीची तारीख, राहण्याचं ठिकाण, भेटीचं कारण नीट समजावून पाठवा. आजीला पगार दाखवून टॅक्स-फ्री चाइल्डकेअरमधून पैसे देता येत नाहीत.

१२. चार वर्षांनंतर

मूल चार वर्षांचं झाल्यानंतरच्या सप्टेंबरमध्ये सरकारी शाळेच्या रिसेप्शनमध्ये (पहिल्या वर्गात) जातं. शाळा मोफत, व्हिसा कोणताही असो. पण जागा आपोआप मिळत नाही. त्या वर्षाच्या १५ जानेवारीपर्यंत काउन्सिलकडे अर्ज करावा लागतो आणि १६ एप्रिलला शाळा कळते. नर्सरी शाळेलाच जोडलेली असली तरी हा अर्ज वेगळा करायचा असतो. शाळा तीन-साडेतीनला सुटते, म्हणून आफ्टर-स्कूल क्लब आणि सुट्टीतल्या क्लबची चौकशी त्याच वेळी करून ठेवा. तो क्लब ऑफस्टेडकडे नोंदलेला असेल, तर त्याची फी टॅक्स-फ्री चाइल्डकेअरच्या त्याच खात्यातून भरता येते.